टाकीमागची गोष्ट

"थांब, थांब. पाण्याच्या टाकीमागे लपून बसल्याचं कुणी पाहुण्यांपुढे सांगतं का?"

सरोजिनीबाईंनी हातातली पट्टी टेबलावर हलकेच टेकवली. ती पट्टी मारायची नव्हती. तालीम घेताना हातात काहीतरी असलं की बाईंना बरं वाटायचं, एवढंच.

दिपाली बोलता बोलता अडखळून थांबली. आठवीच्या वर्गातली बाकं भिंतीकडे सरकवून मध्ये जागा केली होती आणि तिथे उभी राहून ती दोन्ही हात हलवत, डोळे मोठे करत सांगत होती. हात तसेच हवेत राहिले.

"नाई मॅडम, पण पुढं तुम्ही येता नं त्याच्यात."

"मी?"

"हो. मी सहावीत होती तवा. टाकीमागं बसलती. मंग तुम्ही आल्या, अन् मले म्हटलं..."

"माझं नको गं बाई त्यात. लोक म्हणतील, मॅडमनी स्वतःचं कौतुक पोरींकडून पाठ करून घेतलं. निरोप समारंभ आहे, शाळेबद्दल बोलावं. मी देते तुला छानसं लिहून."

"मीच सांगते नं, मॅडम."

"सांगू द्या तिले, मॅडम," मागच्या बाकावरून निकेश म्हणाला. "टाकीमागं काऊन लपलती थे आमाले बी कळू द्या!"

सगळा वर्ग हसला. "तू चूप बस बे, गोळ्या!" दिपालीने त्याला झापलं. निकेशने यंदा गोळाफेकीत तालुक्याचं बक्षीस आणलं होतं, तेव्हापासून त्याचं हेच नाव पडलं होतं.

"पाहिलंस?" बाई समजुतीने म्हणाल्या. "आत्ताच हसतात. त्या दिवशी तर सगळं गाव असेल."

दिपालीने हात खाली घेतले. "बरं, मॅडम," म्हणाली आणि जाऊन बसली.

बाईंचं हे असं आजचं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, अशाच एका निरोप समारंभात एक पोरगा बोलायला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. घामाने डबडबलेला तो पोर तसाच उभा. मांडवातून कुणीतरी शेळीसारखं ओरडलं आणि सगळे खो खो हसले. तो पोरगा पुन्हा कधी कुठल्या कार्यक्रमात पुढे आला नाही. ते तोंड बाईंच्या डोळ्यांसमोरून कधी हललं नाही. आपल्या हाताखालचं एकही लेकरू रिकाम्या तोंडाने माणसांपुढे उभं राहणार नाही, असं त्यांनी तेव्हाच मनाशी घेतलं. तेव्हापासून दर वर्षी जाणाऱ्या वर्गाची भाषणं त्या लिहून देत. ज्याला पाठ होत नसे त्याला चार चार वेळा सांगत, मधल्या सुट्टीत जवळ बसवून घोकून घेत. कंटाळा हा शब्द त्यांच्या गावी नव्हता. पोरं दणक्यात बोलत. आंजी गावाच्या पलीकडची ही शाळा साधीशीच, पण इथली पोरं बोलतात बघा, असं केंद्रातल्या इतर शाळांचे गुरुजीही म्हणत.

त्या संध्याकाळी पिपरी मेघे गावातल्या आपल्या घरी, अंगणात खुर्ची टाकून त्यांनी दिपालीचं भाषण लिहिलं. पोरगी तयारीची होती, म्हणून जरा जीव ओतून लिहिलं. शेवटी मात्र त्यांचं नेहमीचं आवडतं वाक्य घातलं: "शाळेचं दार मागे राहील, पण त्या दारातून दिसलेलं आभाळ आम्ही सोबत नेऊ." लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतःशी मोठ्याने वाचलं. येत्या मे महिन्यात त्या स्वतःही निवृत्त होणार होत्या.

टाकीमागे आपण पोरीला काय म्हणालो असू, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण काही आठवलं नाही. कितीतरी पोरं कुठे कुठे लपलेली त्यांनी बाहेर काढली होती. त्यातलं हे एक.

समारंभ उन्हाच्या आत उरकायचा म्हणून सकाळीच ठेवला होता. चिंचेखाली मांडव. पाहुण्यांसाठी ग्रामपंचायतीतून कूलर आणला होता, तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देत होता. मुख्याध्यापक प्रभाकररावांनी वर्षाचा आढावा घेतला. रुचिका शिष्यवृत्तीत आली, तिच्या आईला पुढे बोलावून नारळ दिला. निकेशने बक्षीस घेताना इतक्या जोरात हात मिळवला की प्रभाकरराव म्हणाले, "अरे, गोळा नाही तो, माझा हात आहे." मांडव हसला.

मग दिपाली उठली. दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश, हात अंगाशी सरळ. "आदरणीय व्यासपीठ, पूजनीय गुरुजन वर्ग..." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं जसं शिकवलं तसं. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या सरोजिनीबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. दर वर्षीच हलत. शेवटचं वाक्य आलं, "शाळेचं दार मागे राहील..." आणि बाईंची नजर सहज व्यासपीठाकडे गेली.

तिथे शाळा समितीचा अध्यक्ष अनुप बसला होता. याच शाळेत शिकलेला, बाईंच्याच हाताखालचा. आता गावात त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. डोळे अर्धवट मिटून तो बसला होता आणि त्याचेही ओठ हलत होते. "...पण त्या दारातून दिसलेलं आभाळ..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुपने स्वतःच्या खिशातला पेन काढून दिपालीला दिला. आयांनी पदर डोळ्यांना लावले. बाई मात्र टाळ्या वाजवायच्या विसरल्या.

पोहे आणि चहा सुरू झाला तेव्हा बाई दर वर्षीसारखा गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन पोरांमध्ये फिरत होत्या. अनुपने पुढे होऊन हक्काने दोन उचलले.

"मॅडम, लाइन तेच हाये अजून! आभाळवाली!"

"तुला आठवतं रे?"

"आठवते म्हंजे? झोपेतून उठवून इचारा. पुरं भाषण म्हणून दाखवतो. लगनात बी म्हटलं होतं मी, दोस्तायनं आग्रह केला तं!"

बाई हसल्या. मग डब्याचं झाकण उगाच लावत म्हणाल्या, "अनुप, तेव्हा मी लिहून दिलं नसतं, तर तू काय बोलला असतास?"

"मी?" त्याने गोरसपाकाचा तुकडा तोंडात टाकला. "मले तं आमच्या कुत्र्याचं सांगाचं होतं. मी सांगाले लागलो अन् तुम्ही म्हटलं, कुत्रं नको रे बाप्पा, शाळेबद्दल बोल."

"असं म्हणाले मी?"

"बरोबरच हाये नं मॅडम. स्टेजवर कोणी कुत्रं सांगते काय!"

"काय होतं त्या कुत्र्याचं?"

अनुप हसत होता, तो हळूहळू थांबला. "रोज शाळेपर्यंत येत होतं माह्या संगं. अन् मंग..." कपाळाला आठ्या घालून तो चिंचेकडे पाहत राहिला. "मंग काहीतरी झालतं, मॅडम. म्हणूनच तं सांगाचं होतं मले. आता नाई बा आठवत." मग चटकन हात झटकून तो म्हणाला, "पण भाषण पाठ हाये पुरं!"

त्याला कुणीतरी हाक मारली, तो गेला. बाई डबा धरून तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत इतकी पोरं या चिंचेखाली उभी राहून बोलली. आपण मांडवाच्या कडेला उभं राहून डोळे पुसले. आणि ऐकलं ते सगळं आपलंच. जाताना या लेकरांच्या मनात काय होतं, ते त्यांना एकाचंही ठाऊक नव्हतं.

एकाचं ठाऊक करून घेता येण्यासारखं होतं अजून.

दिपाली खुर्च्या एकात एक रचत होती. बाईंनी तिला पायरीवर बोलावलं.

"झालं गं छान भाषण. आता मला ते सांग. टाकीमागचं."

"आता?" दिपाली लाजली. "आता कायले, मॅडम? झाला नं कार्यक्रम."

"मला ऐकायचंय. मी आले आणि तुला म्हटलं. काय म्हटलं मी?"

दिपालीने ओढणी सारखी केली. ती उभी राहिली. आपोआप तिचे पाय जुळले, हात अंगाशी सरळ झाले, हनुवटी वर गेली. तिने श्वास घेतला.

"आदरणीय..."

आणि तिलाच हसू फुटलं. "पाहा नं मॅडम, तेच येऊन राह्यलं तोंडात!"

"मग बसून सांग. इथे, माझ्याजवळ. हात हलवून सांग, त्या दिवशी सांगत होतीस तसं."

दिपाली बसली. पाण्याच्या टाकीकडे पाहत राहिली. एकदा हात उचलला, पुन्हा मांडीवर ठेवला.

"मी टाकीमागं बसलती," ती म्हणाली. "अन् तुम्ही आल्या." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तशी काही मोठी गोष्ट नोती, मॅडम. त्या दिवशी आतून येऊन राह्यलती, तं चांगली वाटत होती. आता म्हटलं तं, ते तसं नाई होणार. राहू द्या नं."

"राहू दे," बाई म्हणाल्या.

बाईंचा चेहरा पाहून दिपालीला काय वाटलं कोण जाणे. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि लहान पोराला विचारावं तसं विचारलं, "भाषण चांगलं झालं नं पण?"

"फार चांगलं झालं."

"तुमच्यामुळं, मॅडम." ती वाकून पाया पडली. बाईंनी डब्यातले उरलेले गोरसपाक तिच्या ओढणीत घातले. फाटकाशी रुचिका सायकल धरून थांबली होती, तिकडे ती पळत गेली.

मांडववाले कापड सोडू लागले. कूलर बंद झाला तसं आवार एकदम शांत झालं. सरोजिनीबाई उठल्या आणि टाकीमागे गेल्या. टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक पोर गुडघे पोटाशी घेऊन बसू शकेल एवढीच जागा होती. ठिबकणाऱ्या नळाने तिथली माती ओली राहिली होती. बाई तिथे उभ्या राहिल्या. भिंतीचा पोपडा, पाण्याचा वास, वर चिंचेची फांदी. काही आठवतं का, म्हणून त्यांनी डोळे मिटून पाहिले.

भिंतीपलीकडून रस्ता जात होता. सायकलची चाकं हळूहळू कटकट करत आली. दोघी चालत निघाल्या असाव्यात. दिपाली काहीतरी सांगत होती, भराभर, न थांबता, मध्येच आवाज बारीक करून, मध्येच चढवून. रुचिका हसत होती, "मंग? मंग?" म्हणत होती.

बाईंनी भिंतीला हात टेकून कान दिला. आवाज पुढे पुढे गेला. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र दिपालीचाच होता.