पासिंगचे आरसे

"साहेब, आज तुम्ही पास केलेली गाडी उद्या परत आणली, तर पास होईल का?"

रुद्राणीनं विचारलं आणि केजच्या आरटीओ कॅम्पच्या मैदानावर रांगेतल्या सगळ्या माना एकदम वळल्या. कडुलिंबाच्या सावलीत जुन्या मोटारसायकलींची ही लांब रांग, प्रत्येक गाडीजवळ तिचा मालक, आणि रांगेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले गाड्या तपासणारे साहेब. कुंपणापलीकडं तिच्या मैत्रिणी विजयमाला आणि माया एकमेकींचा दंड धरून हसू दाबत होत्या. क्लासवरून थेट इकडं येताना त्यांनीच भेळेची पैज लावली होती. "गाडीबद्दल लई बोलतीस ना, मग साहेबाला तोंडावर इचारून दाखव," असं माया म्हणाली होती. भेळ नसती तरी रुद्राणीनं विचारलंच असतं, ती गोष्ट वेगळी.

"रुद्रे, गप," मागून अप्पा पुटपुटले.

अप्पा म्हणजे तिचे वडील, धोंडप्पा. गावात त्यांचं किराणा दुकान होतं, पण घर चालायचं ते आठवडी बाजारांवर. युसूफ वडगाव असो की आणखी कुठला बाजार, मागं मसाल्याची पोती बांधायची, पुढं टाकीवर तराजू अडकवायचा आणि निघायचं. हे सगळं ओझं ओढायची ती ही शंभर सीसीची काळी गाडी. गाडी आणि रुद्राणी एकाच वर्षी घरात आल्या होत्या. रुद्राणी आता दहावीत होती आणि गाडीला पंधरा वर्षं झाल्यामुळं पुन्हा पासिंगला आणणं भाग होतं. अप्पांनी तर ठरवूनच टाकलं होतं, की नापास झाली तर परत खेटे घालायचे नाहीत, गाडी थेट भंगारात आणि बाजार बंद.

त्यांच्या गावात पासिंगची एक रीत होती. आसाराम मिस्त्रीच्या गॅरेजात खिळ्याला एक पिशवी टांगलेली असायची. तिच्यात दोन चकचकीत आरसे आणि एक खणखणीत हॉर्न. गावातली कोणतीही गाडी पासिंगला निघाली की हा साज तिच्यावर चढायचा, आणि गाडी पास झाली की उतरवून दुसरीवर. लग्नाला निघालेल्या नवरदेवानं मित्राचा कोट घालावा आणि वरात संपली की पुढच्या नवरदेवाला द्यावा, तसं. एका आरशाच्या पाठीवर कुणीतरी नारायणगडाच्या जत्रेतलं स्टिकर चिकटवलं होतं, त्यामुळं तो आरसा लांबूनही ओळखू यायचा.

रुद्राणीला ही रीत पटत नव्हती. आरसा पासिंगपुरता, मग बाजारातून अंधार पडायच्या वक्ताला येताना मागून ट्रक आला तर बघायचं कशात? दिवाळीच्या सुट्टीत ती मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन बसली. "पोरीचं काय काम हाय हितं?" असं मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले, आणि नंतर तिलाच पाना आणायला सांगू लागले. तिनं झिजलेले ब्रेकशू बदलले. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागेना, तर त्याच्या स्विचची तुटलेली स्प्रिंग बदलली. दोन साधे आरसे विकत आणून बसवले. हॉर्नच्या वायरींचा गंज घासून काढला. हॉर्न आता म्हाताऱ्या रेड्यासारखा वाजायचा, पण वाजायचा.

साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. रागावलेले दिसत नव्हते, कंटाळलेले दिसत होते. "गाडी आज माझ्यापुढं जशी उभी आहे, तेवढंच मी बघतो. उद्याचं मालकाला विचारायचं. तुझी गाडी कुठली?"

"ही काळी."

"मग सांग तूच. उद्या पास होईल?"

रुद्राणी मोठ्या तोऱ्यात गाडीकडं वळली. डाव्या आरशाच्या पाठीवर नारायणगडाचं स्टिकर होतं.

ती क्लासला गेलती तेवढ्यात अप्पांनी गावाचा साज चढवला होता. आरसे पण, हॉर्न पण. तिनं अप्पांकडं पाहिलं. अप्पा चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. मागच्या गाडीजवळ गावातलेच बाळूकाका उभे होते, त्यांच्या गाडीचे दोन्ही कान उघडे, याच आरशांची वाट बघत. "पोरी, व्हय म्हण अन् मोकळी हो," ते हळूच म्हणाले. "माझा नंबर हाय पुढं."

व्हय म्हटलं की गाडी पास होणार होती. अप्पांचे बाजार वाचणार होते. भेळही मिळणार होती. पण मग तिनं सुट्टीभर केलं काय, आणि आत्ता सगळ्यांदेखत विचारलं कावून?

"दोन मिनिटं द्या साहेब," ती म्हणाली. "अप्पा, आपले आरसे कुठं हायत?"

"रुद्रे, नको."

"कुठं हायत?"

अप्पांनी मिरचीपुडीच्या पिशवीतून आरसे आणि हॉर्न काढून दिले. सीटखालचा पाना घेऊन ती गाडीपुढं उकिडवी बसली. साहेब खुर्चीवरून उठून जवळ आले. गावाचे आरसे उतरले, तिचे चढले. गावाचा हॉर्न निघाला, तिचा लागला. तिनं चावी फिरवली आणि बटण दाबलं.

हॉर्न वाजला नाही.

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. "रेडा मेला जणू," बाळूकाका म्हणाले. अप्पांनी डोळे मिटून घेतले. रुद्राणीचा हात थांबला नाही. वायर तिनं स्वतः घासली होती, म्हणजे वायर चांगली होती. मग काय हललं? अप्पांनी घाईत हिसका देऊन हॉर्न काढला असणार. तिनं वायरीची पितळी क्लिप चाचपली. ती पसरून ढिली झाली होती. पान्याच्या टोकानं तिनं क्लिप दाबून बसवली आणि पुन्हा बटण दाबलं.

रेडा असा हंबरला की कडुलिंबावरच्या साळुंक्या उडाल्या आणि कुंपणापलीकडं माया दचकून दोन पावलं मागं सरली.

साहेबांनी गाडी घेतली. मैदानाला एक फेरा मारला, धुळीत करकचून ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी थांबली, तोंड न फिरवता, आणि मागचा लाल दिवा भरदुपारी पेटलेला सगळ्या रांगेनं पाहिला. दिवे झाले, टायर झाले, चेन झाली. मग साहेबांनी जमिनीवरचा तो स्टिकरवाला आरसा उचलला.

"याची माझी जुनी ओळख आहे," ते म्हणाले. "दर कॅम्पला भेटतो. गाडी मात्र दर वेळी नवी असते." त्यांनी आरसा बाळूकाकांच्या हातात ठेवला. "काळी गाडी पास. आता तुझं उत्तर दे. उद्या?"

"उद्या पण. परवा पण. म्हणाल तेव्हा आणते."

साहेब पहिल्यांदा हसले. "पुढच्या कॅम्पपर्यंत तरी मला सुट्टी दे."

तेवढ्यात रांगेतल्या, उसन्या साजाच्या भरवशावर आलेल्या तीन-चार गाड्या गुपचूप वळून फाटकाबाहेर पडल्या. बाळूकाका आरसा हातात घेऊन उभेच होते. "आमचा बाजार उठवलास की गं."

"काका, रविवारी गाडी दुकानापुढं आणा," रुद्राणी म्हणाली. "आधी तुमचा ब्रेक बघू, मग आरसा."

भेळ तिनं उभ्या उभ्या खाल्ली. माया म्हणाली, "हात तरी धू की, ग्रीस लागलंय." तिनं धुतले नाहीत.

घरच्या वाटेवर उसाच्या गाडीला जागा देत अप्पा म्हणाले, "माझा तुझ्यावर भरवसा न्हवता आसं न्हाई. म्हटलं, सगळे लावतात, आपण एकट्यानं कावून धोका घ्यावा."

"आता बघा मागं, अप्पा. दिसतोय का ट्रक?"

अप्पांनी आरशात पाहिलं. ट्रक दिसत होता, आणि त्याच्या अलीकडं पोरीचं काळं झालेलं, दात काढणारं तोंडही.

दुकानात तिची आई महादेवी शेंगदाणे पाखडत होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं सूप खाली ठेवलं, आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग पोरीच्या हातांकडं. "काय झालं? पास का भंगार?"

"पास," अप्पा म्हणाले. "आपल्या आरशांवर."

"बरं झालं बाई. आता हात धू अन् अभ्यासाला बस. फार्मसीला मार्क लागतात."

रुद्राणीनं पाना गल्ल्यावर ठेवला. कोपऱ्यात नाही, लपवून नाही, मधोमध.

"आई, अप्पा, फार्मसी न्हाई. दहावी झाली की मी बीडला पॉलिटेक्निकला जाणार, मेकॅनिकलला. अन् नंतर त्या साहेबांच्या खुर्चीत बसून गाड्या तपासणार."