नावानं हाक

मनिषा आणि बजरंग कारखान्यावरून परत आले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. ऊस संपला, कारखाना बंद झाला, ऊसतोडीच्या टोळीनं राहायच्या पाचटाच्या कोप्या मोडल्या आणि भांडीकुंडी, बैलांचं साहित्य, माणसं असं सगळं एका ट्रॅक्टरवर लादून रात्रभराच्या प्रवासानं ती पाली गावाच्या अलीकडच्या फाट्यावर येऊन उतरली. तिथून त्यांची वस्ती हाकेच्या अंतरावर होती. मनिषानं डोक्यावर गाठोडं घेतलं आणि बजरंगची वाट न बघता ती चालायला लागली.

दसऱ्यानंतर निघताना दोन्ही लेकरं सासूजवळ ठेवली होती. प्रविण दुसरीत होता, त्याची शाळा बुडवायची नव्हती. सायली तर जेमतेम अडीच वर्षांची. उसाच्या फडात थंडीवाऱ्यात लहान लेकरू घेऊन फिरण्यापेक्षा घरी बरं, असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. मनिषानंही.

प्रविण लांबूनच धावत आला आणि आईच्या कमरेला मिठी मारून लगेच गाठोड्यात हात घालू लागला. सायली मात्र ओट्यावर आजीचा पदर धरून उभी होती. मनिषानं गाठोडं खाली ठेवलं, उकिडवी बसली आणि हात पुढे केले.

"ये की गं."

सायलीनं तिला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. मग मान वर करून आजीला म्हणाली, "आई, मनिषा आली."

सासू, रुक्मिणीबाई, हसल्या. मागून येणारा बजरंग हसला. मनिषाही हसली. मग तिनं गाठोड्यातून गुलाबी फ्रॉक काढला. कारखान्याच्या बाजारात घेताना लेकरू वाढलं असेल म्हणून तिनं मुद्दाम एक माप मोठं घेतलं होतं. तरी तो काखेत अडकला, गुडघ्याच्या बराच वर राहिला. मनिषानं तो घडी घालून परत गाठोड्यात ठेवला.

यात कोणाची चूक अशी नव्हतीच. सहा महिने सायलीनं आईबापाला फोनवरच ऐकलं होतं. फोन वाजला की बजरंग "आई, बरी हाईस ना" म्हणायचा, म्हणजे जिच्या कानाला फोन ती आई. आणि रुक्मिणीबाई "मनिषा, जेवलीस का" म्हणायच्या, म्हणजे पलीकडची ती मनिषा. बजरंग अर्थातच बजा. लेकराच्या डोक्यात सगळं बरोबर बसलं होतं.

बजरंगला त्याचं काही वाटलं नाही. उलट मजाच वाटली. "बजा, खांद्यावर घे" म्हटलं की तो तिला खांद्यावर घेऊन वस्तीभर फिरायचा आणि लोकांना सांगायचा, "माझी मालकीण हाय ही." मनिषाला मात्र सायली अंघोळ घालू देत नव्हती, घास भरवू देत नव्हती. केसांना हात लावला की मान बाजूला घ्यायची. वाईट वागत होती असं नाही. पाहुणीशी वागावं तशी वागत होती.

रुक्मिणीबाईंना ते फार लागलं. एकदा भाकरी थापता थापता त्यांनी सायलीला समोर बसवलं. "हे बघ बाळा, मी आजी. ती आई. म्हण, आई."

"ती मनिषा हाय," सायली म्हणाली.

"राहू द्या आत्या," मनिषा म्हणाली. "तोंडात बसलंय ते. बळंच काढून निघणार हाय का."

हे बोलताना तिचं लक्ष सासूच्या हातांकडं गेलं. रुक्मिणीबाई तव्याची कड बोटांनी चाचपून मग भाकरी टाकत होत्या. मिठाचा डबा समोर असून त्यांचा हात दोनदा बाजूला पडला. मनिषानं त्यांचा चेहरा उजेडाकडं वळवला. उजव्या डोळ्यात दुधासारखा पांढरा ठिपका होता.

"कवापासून हाय हे आत्या?"

"दिवाळीपासून असंल. आता डावाबी धूसर झालाय."

"मग कावून सांगितलं न्हाई?"

"सांगून काय झालं असतं? कोयता टाकून तुमी आला असता व्हय? आन मी दवाखान्यात जाऊन पडले असते तर लेकरांना कोणाच्या गळ्यात घालू?"

मनिषानं पिठाची परात आपल्याकडं ओढली. म्हणजे सगळा हिवाळा ही बाई एवढ्या अंधुक नजरेनं दोन लेकरं सांभाळत होती. विहिरीवर लक्ष ठेवत होती, प्रविणला शाळेत धाडत होती, विंचूकाट्याच्या घरात सायलीला कडेवरून उतरवत नव्हती. लेकरू तिला आई म्हणत होतं. मनिषाच्या मनात इतके दिवस जो काटा सलत होता, त्याचं टोक जरा बोथट झालं.

त्याच आठवड्यात बजरंग आईला अंबाजोगाईला घेऊन गेला. तिथल्या मोठ्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि रुक्मिणीबाईंचे भाऊ त्याच गावात राहत होते, म्हणून ऑपरेशननंतर काही दिवस दोघांनी तिथंच थांबायचं ठरलं.

एसटी निघाली तेव्हा सायली फाट्यापर्यंत अनवाणी पळत गेली. मनिषानं तिला उचलून आणलं ते हातपाय झाडतच. दुपारी ती जेवली नाही. संध्याकाळी मनिषानं ताटात भाकरी-भाजी वाढली तर तिनं ताट हळूच मागं सारलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

प्रविण जेवत होता. थोडा वेळ बघून तो म्हणाला, "आई, असं न्हाई खात ती. आजी भाकर ताकात कुस्करती. वर शेंगदाण्याचा कूट टाकती."

मनिषानं तसं केलं.

"आन तिला गोष्ट लागती. कोल्ह्याची न्हाई चालत. चिमणीची बी न्हाई. म्हशीची."

म्हशीची गोष्ट मनिषाला येत नव्हती. ती वाडगं घेऊन भिंतीजवळ बसली. काय सांगावं ते सुचेना. मग जे डोळ्यापुढं आलं तेच ती बोलायला लागली.

"आमच्या टोळीत एक बैल होता. राजा नाव त्याचं. लई मोठा, पण पाण्याला भ्यायचा. वाटेत ओढा लागला की मटकन खाली बसायचा."

भिंतीकडचं तोंड वळलं नाही, पण मान जरा हलली.

"एकदा म्या धुणं धुऊन वाळत घातलं. हिरवं लुगडं. राजाला वाटलं वैरण हाय. अर्धं लुगडं गिळलं त्यानं."

"मग?"

"मग म्या इकडून वढते, त्यो तिकडून वढतोय. सगळी टोळी बघाय लागली. तुझा बजा तर हसून हसून उसाच्या मोळीवरून पडला."

सायली वळली. तोंड उघडलं. मनिषानं घास भरवला आणि गोष्ट पुढं नेली. राजा होता, कोपीत शिरून पीठ खाणारी कुत्री होती, चांदण्यात उसाच्या पाचटावरून सळसळत गेलेला रानडुकराचा कळप होता. सहा महिन्यांचं सगळं तिच्याजवळ साठलं होतं आणि ते ऐकायला आजवर कोणी मागितलं नव्हतं. वाडगं रिकामं झालं तरी सायली "मग?" म्हणत होती.

दोन दिवसांनी शेजारच्या वनमालाबाई आणि मनिषानं मिळून कुरडया करायला काढल्या. भिजवलेले गहू वाटून चीक काढून ठेवला होता. उन्हं चढायच्या आत पातेल्यात तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून जुन्या लुगड्यावर पाडायचा. चिकाचा वास सुटला तशी वस्तीतली पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती जमली. सायलीनं आपली वाटी सगळ्यांच्या पुढं धरली.

"मनिषा, मला साखर टाकून."

"पोरी, आईला नावानं हाक मारतेस?" वनमालाबाई म्हणाल्या.

"मारू द्या," मनिषा म्हणाली आणि वर चमचाभर तूपही सोडलं.

अंगणात दोन लुगडी पांढऱ्या कुरडयांनी भरली. कावळे, कोंबड्या हाकलायला सायलीला बसवलं. हातात तिच्याएवढी काठी दिली. "हितून हलायचं न्हाई बरं का," मनिषानं बजावलं. सायलीनं काम फार मनावर घेतलं. कावळा नसला तरी ती काठी आपटत होती. प्रविण जवळून गेला तर त्यालाही हाकललं.

बारा वाजायच्या सुमाराला वनमालाबाई घरी गेल्या. मनिषा पातेलं घासत असताना वारा एकदम पडला आणि मग रस्त्याच्या बाजूनं घरघर आली. वावटळ होती. फुफाटा, पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या गोल गोल फिरवत ती सरळ अंगणाकडं येत होती.

"सायली, घरात पळ!"

सायली पळाली नाही. तिला हलायचं नाही असं सांगितलं होतं. लुगड्याची कड वर उचलली गेली तशी तिनं काठी टाकली, त्या कडेवर फतकल मारून बसली आणि दोन्ही मुठींत लुगडं धरून डोळे घट्ट मिटून मोठ्यानं रडायला लागली. पण हात सोडले नाहीत. मनिषा धावली. दुसरं लुगडं कुरडयांसकट उडून शेजारच्या बाभळीवर जाऊन अडकलं. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. सायलीला पोटाशी घेऊन ती त्याच कडेवर बसली, पदर दोघींच्या डोक्यावरून ओढला, आणि वावटळ अंगावरून जाऊ दिली.

धूळ खाली बसली तेव्हा दोघी एकाच रंगाच्या झाल्या होत्या. सायलीनं एक डोळा उघडला. मनिषाच्या तोंडाकडं बघितलं.

"मनिषा, तुझ्या दातावर माती हाय."

"तुझ्या नाकात बघ की."

सायलीनं नाकात बोट घातलं, बाहेर काढलं आणि तपासलं. मग तिला हसू फुटलं. मनिषालाही आवरेना. दारातून प्रविण दोघींकडं बघत उभा होता. घरात पळालो ते बरं केलं की चुकलं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

हौदावर मनिषानं सायलीला अंघोळ घातली. केसांतली माती निघेपर्यंत तीन वेळा पाणी बदललं. सायली शहाण्यासारखी मान पुढं करून उभी राहिली आणि डोळ्यात साबण गेल्यावर आपणहून मनिषाच्या खांद्याला तोंड पुसलं. संध्याकाळी बाभळीवरून लुगडं काढताना कुरडयांचा नुसता चुरा हाती आला. वनमालाबाई हळहळल्या. मनिषा म्हणाली, "होऊ द्या. एक लुगडं तर वाचलं. आमच्या राखणदारानं वाचवलं."

रुक्मिणीबाई परत आल्या त्या मोठा काळा चष्मा लावून. तोवर सायली रोज विचारत होती, आई कवा येणार. एसटी दिसली तशी ती पुढं धावली आणि तो चष्मा बघून जागच्या जागी थांबली. मग मागं वळून मनिषाच्या साडीत शिरली.

"अगं मीच हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

आवाज ओळखीचा, पण डोळे नाहीत. सायलीनं मनिषाचा हात ओढला आणि कुजबुजली, "मनिषाआई, ती कोण हाय?"

मनिषानं ते ऐकलं. बजरंगनंही ऐकलं आणि तो बायकोकडं बघायला लागला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. सायलीला कडेवर घेतलं, सासूजवळ नेलं आणि म्हणाली, "हात लावून बघ. तुझीच हाय ती." सायलीनं आजीच्या गालाला हात लावला, हनुवटीवरचं गोंदण चाचपलं आणि खात्री पटल्यावर तिच्याकडं झेप घेतली. "हळू गं, डोळा जपायचाय," म्हणत रुक्मिणीबाईंनी तिला छातीशी धरलं. चष्म्याखालून पाणी आलं ते डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

पुढं काही दिवस रुक्मिणीबाईंना वाकायची, धुराजवळ बसायची मनाई होती. घरातलं सगळं मनिषाकडं आलं, सायलीही आली. तिला आता एक आई आणि एक मनिषाआई होती आणि त्यात तिला काही अडचण नव्हती. इतरांनीही मग काढली नाही.

मे संपत आला तेव्हा एका दुपारी सगळेच विहिरीवर गेले. जवळच्या धरणाच्या पाझरानं त्यांच्या विहिरीला भर उन्हाळ्यातही कमरेच्या वर पाणी असे, यंदा तर पुरुषभर होतं. बजरंगनं प्रविणच्या पाठीला रिकामा कॅन बांधून त्याला पोहायला शिकवायला घेतलं. रुक्मिणीबाई कडुलिंबाखाली बसल्या होत्या. हिरवं पान पुन्हा हिरवं दिसतंय, हे त्या दिवसातून दहादा सांगत होत्या.

"आत्या," मनिषा म्हणाली, "दसऱ्याला सायलीला संग न्यावं म्हणते."

"ने. मी बी येते. प्रविणला बजाच्या मामाकडं ठेवू अंबाजोगाईला, चांगली शाळा हाय. कोपीत लेकराला बघाय कोणीतरी लागतंच की."

"तुमाला झेपंल का?"

"आता दिसतंय मला. झेपंल. आन दसऱ्याला अजून लई अवकाश हाय. आतापासून कावून डोकं शिणवायचं?"

खालून प्रविणच्या नाकातोंडात पाणी गेल्याचा आवाज आला आणि बजरंगचं हसणं. सायली पायरीवर उभी राहून "मला बी, मला बी" करत होती. मनिषानं पदर कमरेला खोचला. ती गोदाकाठच्या गावात वाढली होती, पोहणं तिला चालण्याच्या बरोबरीनं आलं होतं; पण लग्न झाल्यापासून इथं कोणी तिला पाण्यात बघितलं नव्हतं. सायलीला शेवटच्या कोरड्या पायरीवर बसवून तिनं सरळ उडी मारली.

बजरंग वळला तोवर ती त्याच्या मागून वर आली होती.

"तुला पोहता येतं?" तो म्हणाला.

"तुमी कधी इचारलं?" असं म्हणून ती पायरीकडं गेली, सायलीला दोन्ही काखांत धरून पाण्यात घेतलं आणि तिला पाय हलवायला शिकवू लागली.