कलम चार आणि डावी टाच

आमच्या होल्टरबेकमध्ये पुरुषमाणसं फुटबॉल बघायला जात नाहीत, उभं राहायला जातात. दक्षिण स्टँडमध्ये खुर्च्याच नाहीत, नुसत्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर नव्वद मिनिटं खांद्याला खांदा लावून जो उभा राहील तो खरा चाहता. पूर्वेकडे खुर्च्यांवर बसणाऱ्या आम्हा लोकांना ते ‘थिएटरवाले’ म्हणतात. मी गेली तीस वर्षं थिएटरवाली. खुर्ची माझ्या वडिलांची, तेविसावी रांग, नंबर चौदा. मी अंड्याचा पाव घेऊन जाते, पायांवर शाल टाकते आणि चेंडू कुठं जातो ते बघते.

माझा नवरा वेंडेलिन ‘ताठ ८७’ या चाहता मंडळाचा संस्थापक आणि चिटणीस. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण स्टेडियमच्या फाटकाशी आम्ही दर पंधरा दिवसांनी काडीमोड घेतल्यासारखे वेगळे व्हायचो. तो डावीकडे, मी उजवीकडे.

मंडळात माणसं नऊ, पण घटना लेखी आहे. आमच्याकडे चार माणसं जमली की पाचव्याची वाट न बघता घटना लिहायला घेतात. कलम चार सांगतं: जो सामना बसून पाहील, त्याला हंगामाच्या चर्चेत बोलायचा आणि मत द्यायचा हक्क नाही. हे कलम वेंडेलिननंच लिहिलं, सत्त्याऐंशी साली, चौथ्या बिअरनंतर. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि त्याचा खुबा नवाकोरा होता.

गेल्या डिसेंबरात तो खुबा बदलावा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चाला, पोहा, सायकल चालवा. एका जागी उभं तेवढं राहू नका.” जगात दुसरं काहीही बंद करायला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

जानेवारीत माझी हिल्डरून मावशी वारली. तिची खुर्ची माझ्या शेजारची, पंधरा नंबर, आणि हंगामाचा पास जूनपर्यंतचा. तो पास मी स्वयंपाकघरात, त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवला. फेब्रुवारीतल्या पहिल्या सामन्याला वेंडेलिन टोपी कानांपर्यंत ओढून आणि माझा राखाडी मफलर नाकापर्यंत गुंडाळून माझ्याबरोबर उजवीकडे वळला. दुसऱ्या बाईकडे जाणारा माणूससुद्धा इतका इकडे-तिकडे बघत नसेल.

मित्रांना त्यानं सांगितलं, “मी आता खाली कोपऱ्यात असतो, खांबाला टेकून.” दक्षिण स्टँडात सहा हजार माणसं. कोण कुणाला शोधणार? सामना संपला की तो पलीकडे जाऊन बिअरच्या टपरीपाशी त्यांच्यात मिसळायचा आणि पाय दुखतात म्हणून कण्हायचा. तेवढं तरी खरं होतं.

पण एक गोष्ट अशी झाली, जिचा आम्ही दोघांनीही विचार केला नव्हता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला फुटबॉल दिसायला लागला.

“अगं, हा डावा बॅक नेहमीच इतका पुढे जातो?”

“सहा वर्षं झाली.”

“मग कुणी बोललं कसं नाही?”

“मी बोलले होते. तू म्हणालास, थिएटरवाल्यांना काय कळतंय.”

दक्षिण स्टँडातून दिसतं काय? पुढच्याचं टाळकं, झेंडा, धूर, आणि मधल्या फटीतून हिरवं काहीतरी. गोल झाला हे त्यांना आमच्या आवाजावरून कळतं.

हंगाम वाईट गेला. तीन प्रशिक्षक झाले, आणि शेवटून दुसऱ्या सामन्यात त्र्याऐंशीव्या मिनिटाला एक गोल खाऊन आम्ही दुसऱ्या लीगमधून तिसऱ्या लीगमध्ये घसरलो. तो गोल टिल्मानच्या नावावर लागला. टिल्मान आमचा गोलकीपर, एकवीस वर्षांचा, इथलाच. मी बेकरीत काम करते, तिथं तो रोज सकाळी खसखशीचे दोन पाव न्यायला यायचा. त्या गोलनंतर यायचा बंद झाला. पेट्रोल पंपावरचे पाव खातो म्हणे. आमच्या गावात याहून खाली माणूस जाऊ शकत नाही.

मेअखेरच्या शनिवारी, दुपारी दोन वाजता, गेर्नोटच्या मेहुण्याच्या बिअरखान्यातल्या मागच्या खोलीत हंगामाची चर्चा बसली. गेर्नोट मंडळाचा अध्यक्ष, धंद्यानं छपरं घालणारा, आवाजही छपरावरून बोलल्यासारखा. सुरुवातीला चिटणीसानं वर्षाचा अहवाल वाचायचा, मग एकेकानं बोलायचं. वेंडेलिनला वर्षात दोनच सण, नाताळ आणि हा. आदल्या आठवड्यात तो आरशासमोर अहवाल वाचत होता. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, “गप्प राहतो मी. गोलचा विषय निघाला की खाली बघतो. टेबलावरची जागा गेली तर मी शनिवारी करू काय, ट्राउडे?”

मी दरवर्षी बटाट्याचं सॅलड घेऊन जाते आणि कोपऱ्यात बसते. मला बोलायचा हक्क नाही. सॅलडला आहे. त्यात मोहरी जास्त झालीय का, यावर दहा मिनिटं चर्चा होते.

अहवाल छान झाला. मग एकेक जण उठला. जिंकलेल्या सामन्यांबद्दल बोलताना सगळे ‘आपण’ म्हणत होते, हरलेल्यांबद्दल ‘ते’. आपण सात जिंकलो, ते एकोणीस हरले. फोल्कर नगरपालिकेतून निवृत्त झालेला, त्याचं म्हणणं पडलं की स्टेडियममध्ये नवा सॉसेजवाला आला तेव्हापासून घसरण लागली. त्यानं तारखा आणल्या होत्या.

मग गेर्नोटनं कागद काढला. “ठराव. गोलकीपर टिल्मान याच्याशी क्लबनं पुढचा करार करू नये. कारण, त्र्याऐंशीव्या मिनिटाला त्यानं पायांमधून गोल सोडला. आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.”

“पाहिलंय!” सात आवाज.

“असा सोडला,” फोल्कर पाय फाकवून उभा राहिला. “म्हैस गेली असती मधून.”

“म्हैस नाही, ट्रक!”

“अरे, तो तर प्रेक्षकांकडे बघून हसत होता!”

वेंडेलिन खाली बघत होता. त्याची पेन्सिल थांबली होती. मी मनात म्हटलं, लिही बाबा, लिही. आणि त्याच वेळी मला ते दोन खसखशीचे पाव आठवले, जे मी अजून रोज सकाळी बाजूला काढून ठेवते आणि दहा वाजता परत मांडते.

“पायांमधून नाही,” वेंडेलिन म्हणाला.

“काय?”

“चेंडू पायांमधून गेला नाही. टिल्मान उजवीकडे झेपावला होता, ते बरोबरच होतं. चेंडू स्काव्रोनेकच्या टाचेला लागून डावीकडे वळला. कुणीच अडवू शकला नसता.”

स्काव्रोनेक म्हणजे आमचा कप्तान. त्याचा फोटो त्याच खोलीत, येशूच्या क्रूसाच्या थोडा वर टांगलेला आहे.

गेर्नोटनं बिअर खाली ठेवली. “वेंडेलिन, त्र्याऐंशीव्या मिनिटाला पोरांनी धुराची नळकांडी पेटवली होती. सगळा स्टँड निळ्या धुरात होता. मला माझा हात दिसत नव्हता.”

“मला माझी बिअर दिसत नव्हती,” कुणीतरी म्हणालं.

“मग तुला टाच कशी दिसली?”

अर्ध्या मिनिटापूर्वी या सगळ्यांनी ट्रक जाताना पाहिला होता, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

टीव्हीवर पाहिलं म्हण, असं मला ओरडावंसं वाटलं. पण टीव्हीवर पाहिलेलं मंडळ मानतच नाही. ते कलम पाच, आणि त्याला शिक्षा जास्त आहे.

वेंडेलिन काठी टेकून उभा राहिला. “पूर्व स्टँड. तेविसावी रांग, पंधरा नंबर. फेब्रुवारीपासून.”

सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, जणू त्यानं दुसरा संसार थाटल्याचं सांगितलं.

“बसून?” फोल्करनं हळूच विचारलं.

“बसून.”

“कुणाबरोबर?”

“बायकोबरोबर.”

“अरेरे,” फोल्कर म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

गेर्नोटचा चेहरा पडला. सदतीस वर्षं शेजारी उभा राहिलेला माणूस. पण कलम ते कलम. वेंडेलिनचा हक्क गेला, अहवाल राहिला, टाचेचं निवेदन इतिवृत्तातून खोडायचं ठरलं. इथं नगरपालिका जागी झाली.

“खोडायचं असेल तर आधी लिहिलेलं पाहिजे,” फोल्कर म्हणाला. “नसलेलं खोडता येत नाही. आणि काय खोडतोय यावर सभागृहाची सहमती पाहिजे.”

“मग लिहा!”

“लिहिणार कोण? चिटणीस तो आहे. त्याचा बोलायचा हक्क गेलाय, लिहायचा नाही.”

वेंडेलिननं लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. एकाला ‘वळला’ पटेना, त्यानं ‘दिशा बदलली’ करून घेतलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग गेर्नोटनंच विचारलं, “कुठली टाच?”

“डावी.”

“मग तसं लिही ना. इतिवृत्त आहे, गोष्ट नाही.”

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा आठही जणांना ते तोंडपाठ झालं होतं. मग वेंडेलिननं पट्टी लावून त्यावर एक बारीक, सरळ रेघ मारली, अशी की अक्षर न् अक्षर वाचता यावं. ठराव आठ विरुद्ध शून्यानं मंजूर झाला आणि इतिवृत्त जोडून क्लबकडे गेला. क्लबचं छापील आभारपत्र आलं, सोबत एक स्टिकर.

टिल्मानचा करार वाढला. तिसऱ्या लीगमध्ये यायला दुसरा कुणी तयारच नव्हता.

तो उन्हाळा वेंडेलिननं कुंपण रंगवण्यात घालवला. दोनदा रंगवलं. शनिवारी दुपारी हातात ब्रश घेऊन तो नुसताच रस्त्याकडे बघत राहायचा. मी त्याला हंगामाचा पास घेऊन दिला, मावशीच्याच खुर्चीचा, तर म्हणाला, “ठेव तिथं.”

ऑगस्टात पहिला सामना. आम्ही दोघंही फाटकातून उजवीकडे वळलो, मफलर न गुंडाळता. एकोणिसाव्या मिनिटाला आम्ही गोल केला, चाळिसाव्याला खाल्ला. मध्यंतरात मी पावाचा कागद सोडत होते, तर पायऱ्यांवरून धापा टाकत कोण यावं? गेर्नोट. गळ्यात क्लबचा मफलर, चेहरा लाल, आमच्या रांगेच्या टोकाला उभा. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“सहज आलो,” तो म्हणाला. “वेंडेलिन, तो आपला गोल... मारला कुणी?”

वेंडेलिननं घाई केली नाही. अर्धा पाव संपवला. अंडं बोटावरून चाटलं.

“हक्क गेलाय ना माझा.”

“चर्चेतला गेलाय, लेका. मध्यंतराबद्दल घटनेत काही नाही. फोल्करनं बघितलंय.”

“सांगतो,” वेंडेलिन म्हणाला आणि शेजारच्या रिकाम्या सोळा नंबरवर हातानं थोपटलं. “पण असं मान वर करून मला बोलता येत नाही. खुबा दुखतो.”

गेर्नोटनं दक्षिण स्टँडकडे पाहिलं. तिकडून इथलं दिसत असेल का, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर चालला होता. तिकडून काय दिसतं, हे त्याला आमच्यापेक्षा बरं माहीत होतं.

तो बसला. आधी टोकाशी, मग पाठ टेकून.

“हं,” म्हणाला. “डाव्या बॅकपासून सांग.”