प्रवचन चालू, वेस बंद

आमच्या ड्यूक एर्डमनना कायदे करायची भारी हौस. त्यातला सगळ्यात कडक कायदा रविवारचा: प्रवचन चालू असताना गावाची वेस बंद आणि किल्ली पाद्रीबुवांपाशी. प्रवचन मोडेल त्याने पुढच्या रविवारी चर्चच्या दाराशी लोखंडी पट्ट्यात मान अडकवून उभं राहायचं. नवऱ्याचे गुडघे गेलेत, म्हणून वेस मी, आपोलोनिया, राखते.

त्या रविवारी वेशीवर धाडधाड लाथा बसल्या. फटीतून बघते तर खुद्द ड्यूक! आणि घोड्यावर मागे, त्यांच्या कमरेला मिठी मारून, पलीकडच्या खेड्यातली म्हातारी दाई बार्बेल.

"उघड!"

"किल्ली चर्चमध्ये आहे, महाराज. तुमचाच कायदा."

"अगं बाई, पोर आडवं आलंय! राणीसाहेब कालपासून तळमळतायत, वाड्यातल्या दायांनी हात टेकले!"

"कायदे करताना बाळंतिणी आठवल्या नाहीत होय?" बार्बेल मागून कडाडली.

ड्यूकनी हात जोडले. मला! "धाव गं."

मी धावले. अशी धावले की टोपी कुठे पडली ते आजतागायत कळलेलं नाही. चर्चमध्ये पाद्री क्विरीन नोहाच्या महापुराची गोष्ट सांगत होते, आणि अजून पाऊससुद्धा सुरू झाला नव्हता! मी तडक त्यांच्या व्यासपीठाच्या पायऱ्या चढले.

"किल्ली द्या. राणीसाहेब अडल्यात."

बुवांनी किल्लीवर हात ठेवला. "आमेन झाल्यावर."

माझं टाळकंच सरकलं. आमेन झाल्यावर? घ्या मग!

"आमेन!" मी छप्पर उडेल अशी ओरडले आणि प्रवचनानंतरचं भजन सुरू केलं. माझा आवाज म्हणजे फाटका भाता. पण पहिल्या बाकावरची कसायाची उर्सुला उठली, मग सगळ्याच बायका उठल्या, आणि काय गायल्या! बुवांचं तोंड नुसतं उघडमीट करत होतं. मी किल्ली हिसकावली आणि वेशीकडे सुटले.

दुपारी तोफ कडाडली. मुलगी! मायलेकी सुखरूप! मी भर चौकात नाचले, या वयात.

पण कायदा तो कायदा. माफीचा निरोप काही आला नाही. पुढच्या रविवारी पहाटेच चर्चच्या दाराशी गेले, तर माझ्यामागे उर्सुला येऊन उभी राहिली. तिच्यामागे तिची जाऊ. मग गायलेल्या सगळ्याच.

"अहो, पट्टा एकच आहे!" घंटावाला रडकुंडीला आला.

तेवढ्यात ड्यूक आले, उघड्या डोक्याने. "प्रवचन माझ्यापायी मोडलं," म्हणाले, आणि सरळ पुढे येऊन पट्ट्याला हात घातला.

माझा ऊर भरून आला. पण पहाटेपासून ताटकळले होते मी.

"ओ महाराज, मध्ये घुसायचं नाही. रांग आहे."

आणि गेले की हो मुकाट्याने, पार शेवटी!