अकरा पानं, पाच मिनिटं

बेलग्रेडच्या त्या कार्यालयात सात नवे अधिकारी शिकायला आले होते. परदेशातून पळून आलेला माणूस आश्रय मागतो, तेव्हा त्याची मुलाखत नीट कशी घ्यायची, हे दुन्या त्यांना शिकवत होती. तिचे वडील तिहोमिर याच कार्यालयात मुलाखती घेत. त्यांना जाऊन छत्तीस दिवस झाले होते. काळ्या चौकटीतला त्यांचा फोटो दारावर अजून चिकटवलेला होता. दार ढकलताना ती पिशवीत काहीतरी शोधत असे.

मंगळवारी तिने जुन्या फाइलींच्या प्रती वाटल्या. नावं काळी केलेली. फाइली सांभाळणाऱ्या मिलोयेकाकांनी कपाटातून हाताला लागल्या तशा काढून दिलेल्या.

"चुका शोधा," ती म्हणाली.

यागोदा नावाच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, मुलाखत संपली अकरा चाळीसला. मग सगळा जबाब त्या माणसाला दुभाष्याकडून वाचून दाखवला म्हणे. तेही संपलं अकरा पंचेचाळीसला."

"पानं किती?"

"अकरा."

"दुभाषी घोड्यावर बसून आला होता की काय?" स्तोयान म्हणाला. सगळे हसले.

दुन्याने प्रत हातात घेतली. वेळेच्या आकड्यांखाली दोन रेघा, दुसरी पहिलीपेक्षा तोकडी. घरी फ्रिजवर बाबांनी लिहिलेली औषधांची यादी याच रेघांनी भरलेली होती. तारीख चौदा नोव्हेंबर.

त्या सकाळी ते मुलाखत घेत असताना तिने तीनदा फोन केला होता. "बाबा, सव्वाबाराची वेळ मिळालीये. आज चुकली तर पुन्हा दोन महिने डॉक्टर भेटायचे नाहीत. उठा आता." ते उठले. वेळेवर पोहोचले. त्याचा उपयोग झाला नाही, तो भाग वेगळा.

"वाचून बघू," ती म्हणाली. "यागोदा, तू वाच. स्तोयान, तुला फ्रेंच येतं ना? प्रत्येक वाक्य फ्रेंचमध्ये सांग."

तिने घड्याळ लावलं. बुरुंडीहून आलेल्या त्या माणसाचा जबाब खोलीत दोन भाषांत पुढे सरकत राहिला. चौथ्या पानावर त्याच्या भावाला मार्चमध्ये उचलून नेलं होतं. नवव्या पानावर मे महिन्यात. शेवटी निकाल: तारखा जुळत नाहीत, सबब माणूस विश्वासार्ह नाही, अर्ज नामंजूर.

त्रेपन्न मिनिटं लागली.

"वाचून दाखवलं असतं तर तिथल्या तिथे म्हणाला असता, अहो, हे चुकलंय," स्तोयान म्हणाला.

"काय म्हणाला असता, ते आपल्याला माहीत नाही," दुन्या म्हणाली. "ते विचारायचं राहिलं."

मधल्या सुट्टीत मिलोयेकाका कॉफी ओतत होते. तिने फाइल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"मला काय ठाऊक, तिहोमिरची फाइल निघेल म्हणून. आण इकडे, दुसरी देतो."

"या माणसाचं अपील कधी आहे?"

"परवा."

"त्याच्या वकिलाने हे पाहिलंय?"

"वकील कुठला त्याला! पोरी, शनिवारी तुझ्या बापाचा चाळिसावा दिवस. प्रसादाचे गहू शिजवायचेत, प्रार्थनेचं पाद्रीबुवांना सांगायचंय. अर्धं कार्यालय येणार आहे. हे सोमवारी बघ ना."

"सोमवारी तो इथे नसेल, काका."

कॉफी बशीत सांडली होती, ती काकांनी पुसली नाही. ड्रॉवरमधून कोरा कागद काढून दिला.

तिने उभ्यानेच लिहिलं. जबाब अर्जदाराला पूर्ण वाचून दाखवलेला नाही. पाच मिनिटांत ते शक्य नव्हतं. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला रुग्णालयात जायचं होतं. त्यांना त्यांच्या मुलीने बोलावून घेतलं होतं. जबाब पुन्हा वाचून दाखवावा, तोवर निकाल देऊ नये.

काकांनी कागद ओढून घेतला. "ही मुलीची ओळ खोड. तिच्यावाचून काही अडत नाही."

"राहू दे. मला वाचून दाखवा."

"अगं, आत्ता तर लिहिलंस."

"वाचा, काका."

त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मुलीच्या ओळीपाशी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग दुन्याने सही केली.

पाच ओळींना चार मिनिटं लागली.