हाताचा कौल

हात खाली गेला तेव्हा सगळा हॉल हळहळला. मग दुसरं कार्ड लागलं, आणि तोच हात, त्याच मुलीचा, खांबासारखा ताठ राहिला. दीडशे माणसांनी एकदम टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका तर डोळे पुसायला लागल्या.

मुलगी माझी होती. एसेता.

रविवारची उपासना आटोपली होती, जेवणंही झाली होती. प्रार्थनामंदिराच्या हॉलमधली टेबलं भिंतीला सरकवून मधे एक खुर्ची मांडली होती. खुर्चीत एसेता, आणि तिच्यासमोर डॉक्टर ब्रेंट हॅलोवे. कमरेला आमच्या सामोआ बेटांकडच्या पुरुषांसारखा लावालावा गुंडाळलेला, गळ्यात आमच्याच बायकांनी ओवलेली माळ. कसले डॉक्टर, हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्यात पाहुण्याला जेवायला वाढतात, असलं काही विचारत नाहीत.

"जीभ खोटं बोलते!" हॅलोवे हात पसरून म्हणाले. "कागद खोटं बोलतात. इस्पितळं तर रोज बोलतात. पण देह? देह खोटं बोलतच नाही! तुमच्या पूर्वजांनी कशाच्या जोरावर महासागर पार केला? यंत्र होतं का त्यांच्याकडे? शरीरातच होकायंत्र होतं त्यांच्या! मी फक्त त्याला प्रश्न विचारतो."

"ऐका, ऐका," थोरले दीर सेमिसी म्हणाले. ते आमच्या कुटुंबाचे प्रमुख. आमच्या घरातलं मोठं काहीही त्यांच्या शब्दाशिवाय होत नाही.

प्रश्न असा होता. एसेता वीस वर्षांची. तिचा खालचा जबडा वरच्यापेक्षा बराच पुढे वाढलेला. पुढचे दात एकमेकांना लागतच नाहीत. साधा पावाचा तुकडाही ती मान वळवून दाढेनं तोडते. शाळेपासून तोंडावर हात धरून हसत आली आहे. दोन वर्षं दातांना तारा बांधून तयारी झाली होती, आता जबड्याचं हाड कापून मागे बसवायचं ऑपरेशन राहिलं होतं. सरकारी इस्पितळाच्या यादीत तिचं नाव वर आलं होतं. मंगळवारपर्यंत होकार कळवायचा होता. नाही कळवला तर नाव पुन्हा तळाशी, म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं.

होकार अडला होता तो सर्जनवर. इस्पितळातल्या डॉ. वेरा कोवाच फार बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते धोक्याचं. त्यांनी आमच्यासमोर दोन पानं ठेवली, दोन्ही भरून काय काय बिघडू शकतं याची यादी. आम्ही ती घरी आणली. पानं वाचून सेमिसी भाऊजी म्हणाले, "जिला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही, तिच्या हातात पोरीचं तोंड देणार तुम्ही?"

मी पहाटे प्रार्थना केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही, आणि बुधवारचा उपास धरते. महिनाभर रोज एकच मागणं चाललं होतं: प्रभू, कोणाकडे जाऊ ते दाखव. म्हणून हॅलोवे आले तेव्हा सगळे मला म्हणाले, "फुआतिनो, आलं बघ तुझं उत्तर." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. ना आनंद, ना शंका. महिनाभर असंच चाललं होतं. भात ढवळायची, गाडी चालवायची, स्तोत्रं म्हणायची, आणि आतून काही हलत नसे.

हॅलोवे दोन कार्डं घेऊन आले होते. एकावर डॉ. कोवाच यांचं नाव, दुसऱ्यावर गोल्ड कोस्ट शहरातल्या कुणा डॉ. मॅडॉक्सचं, म्हणजे हॅलोवे ज्यांच्या दवाखान्यासाठी गावोगाव हिंडत होते त्यांचं. एसेतानं उजवा हात समोर सरळ धरायचा. हॅलोवे कार्ड तिच्या जबड्याला टेकवायचे आणि दुसऱ्या हातानं तिचा हात दाबायचे. कोवाचचं कार्ड लागलं की हात खाली. मॅडॉक्सचं लागलं की हात जागच्या जागी.

"देहानं सर्जन निवडला!" हॅलोवे म्हणाले. "डॉक्टर मॅडॉक्सकडे ना सूज, ना धोका. चार दिवसांत मुलगी मक्याचं कणीस खाईल!"

"कणीस!" कुणीतरी मागून म्हणालं. "मला दात नाहीत तरी नेता का?"

हॉल हसला. एसेता हसली नाही. तिचा हात तोंडाकडे गेला होता.

"मंगळवारी इस्पितळाला फोन करून नाही सांगा," भाऊजी माझ्या नवऱ्याला म्हणाले. "संपला विषय."

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. "भाऊ, मला जरा बोलायचंय."

ती लेपेका होती, भाऊजींची आणि माझ्या नवऱ्याची बहीण, माझी नणंद. हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्यात बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. कुटुंबप्रमुख असला तरी नाही. भाऊजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मान डोलावली.

"डॉक्टर," लेपेका गोड आवाजात म्हणाली, "देहाला जे कळतं, ते नाव वाचून कळतं की न वाचता?"

"न वाचता! अर्थात न वाचता. म्हणून तर चमत्कार!"

"मग तुम्हीही न वाचता करा ना. तुमच्याकडे आणखी कार्डं असतीलच."

होती. गठ्ठा होता. रविवारी दान घालायची जाड पांढरी पाकिटं हॉलच्या कपाटात असतातच. लेपेकानं दहा घेतली. उपासना चालवणाऱ्या पाळकांच्या बायकोनं आतल्या खोलीत जाऊन पाचांत कोवाचचं आणि पाचांत मॅडॉक्सचं कार्ड घातलं, पाकिटं चिकटवली, पिसली आणि बाहेर आणून ठेवली. आता कुणालाच माहीत नव्हतं, तिलासुद्धा.

"हे म्हणजे पाहुण्यांवर अविश्वास दाखवणं झालं," भाऊजी पुटपुटले.

"छे रे भाऊ. त्यांची कीर्ती वाढेल. दहाच्या दहा बरोबर आली तर मीच फोन करीन मॅडॉक्सना."

हॅलोवेंना माघार घेता येईना. त्यांनी पहिलं पाकीट एसेताच्या जबड्याला लावलं. त्यांचा हात तिच्या मनगटावर गेला, मग थोडा वर सरकला, मग पुन्हा खाली. शेवटी त्यांनी दाबलं. हात खाली आला. "कोवाच." दुसऱ्याला ताठ. "मॅडॉक्स." असं दहा वेळा झालं. लेपेका प्रत्येक पाकिटावर त्यांनी सांगितलेलं नाव पेन्सिलीनं लिहीत गेली. मग तिनं पाकिटं एकेक करून फोडली.

दहातली चार बरोबर निघाली.

"नाणं उडवलं असतं तर साधारण पाच आली असती," लेपेका म्हणाली.

"या खोलीत कुणीतरी अश्रद्ध माणूस आहे," हॅलोवे माळेखालचा घाम पुसत म्हणाले. "लहरी अडतात. पाकिटाचा कागदही जाड आहे."

"दानाची पाकिटं आहेत, डॉक्टर. अश्रद्ध कशी असतील?"

या वेळी सगळा हॉल हसला, पण हसू लगेच विरलं. लोकांना एवढंच कळलं होतं की काहीतरी चुकलं. काय चुकलं ते कळलं नव्हतं. सर्वांच्या देखत हात खाली गेला होता ना?

"वहिनी, तुम्ही या," लेपेका मला म्हणाली.

मी खुर्चीत बसले. हात समोर धरला. तिनं माझ्या गालाला नुसतं बोट लावलं, कार्डबिर्ड काही नाही, आणि "धरा" म्हणता म्हणता मनगटाच्या अगदी टोकाशी झटकन दाबलं. माझा हात पडला. मग ती म्हणाली, "आता मी जोर लावणार आहे हं, घट्ट राहा," आणि कोपराजवळ दाबत राहिली. हात हलला नाही. ती दातओठ खाऊन दाबत होती, तरी हलला नाही.

"टोकाशी दाबलं तर कमी जोरात पडतो, कोपराजवळ दाबलं तर पडत नाही. दार बिजागरीपाशी ढकलून बघा घरी जाऊन. शिवाय एकदा बेसावध धरलं, एकदा सांगून. एवढंच आहे यात."

"आणि..." खुर्चीमागून एसेता बोलली. हॉलमध्ये ती सहसा बोलत नाही.

"काय गं?" भाऊजी.

"काका, पहिल्यांदा ते दाबायला लागले तेव्हा मी हात सोडला."

"सोडला? मुद्दाम?"

"पाहुणे आहेत ना ते. मोठे आहेत. ते हात खाली करतायत तर मी कशी अडवणार? आणि दुसऱ्यांदा ते म्हणाले, 'लढ माझ्याशी, पोरी, सगळी ताकद लाव.' मग लढले. त्यांनीच सांगितलं म्हणून."

त्या हॉलमधल्या प्रत्येकाला लहानपणापासून हेच शिकवलेलं. मोठ्या माणसासमोरून जायचं तर कंबरेत वाकून, त्यानं हात ठेवला तर अंग सैल सोडून. आमच्यातल्या कोणत्याही पोरीचा हात पहिल्या वेळी खालीच गेला असता. हॅलोवेंना हे ठाऊक होतं, की दहा गावांत फिरून आपोआप जमलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी कार्डं गोळा केली, पाळकांशी हस्तांदोलन केलं आणि दुसऱ्या एका प्रार्थनामंदिरात जायचं आहे म्हणून निघाले. लावालावा आमचाच होता, तो घेऊनच गेले.

भाऊजी खाली बघत बसले होते. "म्हणजे आपणच शिकवलं तिला हात सोडायला," ते म्हणाले. "इस्पितळाला नाही कळवू नका."

सोमवारी मी, एसेता आणि लेपेका, अशा आम्ही तिघी डॉ. कोवाचकडे गेलो. प्रश्न एसेतानं स्वतः लिहून आणले होते, वहीच्या पानावर. हे ऑपरेशन वर्षाला किती करता? बिघडलेली किती? तुम्हीच करणार की तुमच्या हाताखालचं कुणी? डॉ. कोवाच प्रत्येक प्रश्नाला थेट उत्तर देत होत्या. शेवटचा प्रश्न होता, "माझ्या बाबतीत काय बिघडण्याची शक्यता जास्त?"

"ओठ," त्या म्हणाल्या. "खालच्या जबड्यातून एक नस जाते. ती ताणली जाते. माझ्या रुग्णांपैकी दर सहांत एकाला ओठाचा किंवा हनुवटीचा थोडा भाग कायमचा बधिर राहतो. तू त्यात असशील की नाही, मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

"बरं," एसेता म्हणाली, आणि सही केली.

मी प्रार्थना करते, अजूनही पहाटेच करते. पण आता उत्तर आपल्या डोक्यात येईल अशी जागा ठेवून करते. देवानं डोकं दिलं आहे ते वापरलं तर त्याला राग येणार नाही, एवढी मला खात्री आहे. तुमच्या घरात कुणाचं हाड कापायचं असेल, पोट उघडायचं असेल, तर सर्जनला प्रश्न विचारा. किती केली, किती बिघडली, बिघडली तेव्हा काय केलंत. जो म्हणेल माझं कधीच बिघडत नाही, त्याला नमस्कार करा आणि बाहेर या. ज्याची परीक्षा दुसऱ्याला घेता येत नाही, पाकिटात घालून बघता येत नाही, त्या चमत्कारावर मुलीचा जबडा ठेवू नका.

ऑपरेशनला आठ महिने झाले. दात जुळतात. पहिल्यांदा तिनं पाव पुढच्या दातांनी तोडला तेव्हा सगळे रडले. मी बघत उभी राहिले. खालच्या ओठाचा डावा कोपरा मात्र बधिर आहे, आणि आता तसाच राहील असं डॉ. कोवाच म्हणतात. जेवताना तिथं शीत चिकटलं तर तिला कळत नाही.

परवा जेवताना भाऊजींनी ते पाहिलं. "बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "तो हॅलोवे धोका नाही म्हणत होता. त्याच्याकडे गेलो असतो तर..."

"काका," एसेतानं रुमालानं तोंड पुसलं, "त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. हे मला कोवाचबाईंनी सांगितलं होतं."