राजमातेची खाज

आसुबोनी गावच्या म्हाताऱ्या राजमाता वारल्या आणि राजघराण्यातल्या बायकांनी त्यांच्या आसनासाठी नाव काढलं ते दुफीचं. दुफी घराण्यातलीच, पण बाजारात टोमॅटो विकायची. फटकळ, पण न्यायाला पक्की. सगळं उत्तम, फक्त लहानपणापासूनचा इसब. कोपराच्या खोबणीत, मानेवर, गुडघ्यांमागे खाजवून खाजवून कातडी कुठे काळीकुट्ट झालेली, कुठे मलमांनी पांढुरकी पडलेली. गिऱ्हाइकं म्हणायची, "तू नको गं हात लावू, आम्ही घेतो निवडून." आणि निवडायचीही मेली सगळ्यात चांगले!

आसनाचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. पण ठरलेल्या एका दिवशी दरबारात राजमातेशी अख्ख्या गावाला रांगेने हात मिळवावा लागतो. एकदा तरी या गावाने आपला हात धरावा, एवढ्यासाठी ती हो म्हणाली.

आता, आसनावर बसणाऱ्याच्या अंगावर व्यंग चालत नाही. तीन म्हाताऱ्या मावश्यांनी तिला बंद खोलीत तपासलं. एक म्हणाली डाग आहे, दुसरी म्हणाली रंग आहे. तिसरीने चष्मा पुसला.

"मागच्या पावसाळ्यात हा इथेच होता का गं?"

"नाही मावशी, तेव्हा मानेवर होता."

"झालं तर! व्यंग एका जागी बसतं. जो येतो-जातो तो पाहुणा. पाहुण्याला कुणी व्यंग म्हणतं का?"

सार्पोंगमामाच्या पोटात दुखलं. तो घराण्याच्या दुसऱ्या पातीतला. त्याला आपली सख्खी भाची बसवायची होती. म्हणाला, "पाहुणा तर पाहुणा. पण भर दरबारात हिचा हात खाजवायला उठला, तर पाहुणा घरचा झाला असं समजायचं. मग आसन सोडायचं." मावश्यांनी माना डोलावल्या.

पहिल्याच दरबाराला उत्तरेचा कोरडा वारा सुटला. अंगावर घोंगडीसारखं जड विणलेलं वस्त्र, दंडापर्यंत सोन्याच्या बांगड्या आणि त्यांच्याखाली कोपरात जणू निखारा. समोर सार्पोंगमामा मांजरासारखा तिच्या हातावर डोळा ठेवून बसलेला. दुफीच्या डोळ्यांत पाणी आलं.

राजमाता लोकांशी थेट बोलत नाही. ती पुटपुटते, आणि प्रवक्ता सोन्याच्या मुठीची काठी आपटून ते सजवून सांगतो. दुफी पुटपुटली, "बोआतेनकाका, कोपर जळतंय हो. मरते मी."

म्हातारा प्रवक्ता बोआतेन पेचात पडला. ऐकलेलं सांगायलाच हवं. त्याने काठी बाजूला दिली, उघडा दंड वर केला आणि स्वतःचं कोपर सावकाश, भारदस्तपणे खाजवलं. "राजमातांना खाज सुटली आहे," तो गरजला, "ती मी खाजवत आहे!"

गाव खूश. म्हातारे म्हणाले, असंच असायला हवं. बोलणं त्याचं, तर खाजवणं कुणाचं? पुढच्या दरबारात ढोलवाल्यांनी त्याला ताल धरला. शेजारच्या गावचा प्रमुख भेटीला आला, तर त्याच्या प्रवक्त्याने मागे पडायला नको म्हणून दोन्ही कोपरं खाजवून उत्तर दिलं. बोआतेनचं कोपर सोलवटलं, तेव्हा त्याला वाड्यातून कातडीला चोळायला शियाच्या बियांचं लोणी चालू झालं. दुफीला मात्र दमडीचा आराम नाही. वड्याचं तेल वांग्यावर!

तरी ती दात-ओठ खाऊन बसली, कारण हात मिळवण्याचा दिवस जवळ आला होता.

तो उजाडला. गाव रांगेत उभं राहिलं आणि सार्पोंगमामा मधासारखा गोड बोलला, "बोलणं बोआतेनचं, खाजवणं बोआतेनचं. मग हात मिळवणं तरी राजमातांनी का करावं? तेही त्यानेच करावं."

रांगेतून सुटकेचा केवढा सुस्कारा निघाला! "बरोबर आहे," "उगाच राजमातांना त्रास," म्हणत सगळे बोआतेनकडे वळले. दुफीने तो सुस्कारा ऐकला.

मग तिने बांगड्या वर सारल्या आणि खाजवलं. कोपर खाजवलं, मान खाजवली, वस्त्र सावरून गुडघ्यामागे खाजवलं. इतक्या दिवसांची खाज होती, सुखाने तिचे डोळे मिटले. ढोलवाल्यांना काय वाजवावं कळेना.

"बघा! बघा!" सार्पोंगमामा उडालाच. "हात उठला! सोड आसन!"

बोआतेनने काठी आपटली. "थांबा. या दरबारातली खाज माझ्याकडे आहे, हे तुम्हीच ठरवलंत. राजमातांनी खाजवली ती माझी खाज. म्हातारा दमला, म्हणून दया केली."

मावश्यांनी पुन्हा माना डोलावल्या. चूक काढायला जागाच नव्हती.

दुफीने तोच हात पुढे केला. "मामा, तुम्ही पहिले," ती मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने म्हणाली.

राजमातेचा पुढे केलेला हात नाकारला तर देशोधडीला लागायची वेळ. सार्पोंगमामाने हात मिळवला आणि सवयीने वस्त्राला पुसला.

"पुन्हा," दुफी म्हणाली.

त्याने मिळवला. पुसला.

"पुन्हा."

रांग उन्हात खोळंबली. मागून एक बाई ओरडली, "अहो मामा, उरका की! आम्हाला घरी स्वयंपाक आहे!" मामा घामाघूम झाला, वैतागला, हात मिळवता मिळवता मागे वळून तिच्यावर खेकसू लागला, आणि त्या भांडणात पुसायचंच विसरला.

दुफीने त्याचा हात सोडला.

"आता पुढचा," ती म्हणाली.